उधाणाच्या गावी लेक आणायला

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत समुद्र पाहून आलेली मी पहिलीच बाई, त्यामुळे परत आल्यापासून माझा भाव वधारला आहे. नळावर, देवळात, हळदीकुंकवाला, जिथं जाईन तिथं बायका घेरतात आणि विचारतात, "समुद्र केवढा असतो हो?" खरं सांगायचं तर समुद्र मी एकदाच, घाटातल्या वळणावरून, लांबून पाहिला आणि तोही मोटारीत जीव मुठीत धरलेला असताना. राहिले ती खाडीकाठी, समुद्राचं पाणी कोसच्या कोस आत शिरतं तिथं. पण नळावर एवढं कोण समजावत बसणार, म्हणून मी आपली "लई मोठा" म्हणून घागर उचलते. इथं मात्र सगळं सांगते, कारण गोष्ट समुद्राची थोडी आणि आमच्या सासूबाईंची जास्त आहे.

आम्ही गेलो होतो माझ्या नणंदेला, वत्सलेला, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायला. तिचा नवरा मूळचा कोकणातला, पण इथं सोलापुरात गिरणीत फिटर होता. लग्नाच्या वेळी सासूबाईंचा हिशेब सरळ होता, लेक हाकेच्या अंतरावर राहणार. दुसऱ्याच वर्षी जावयांची आई वारली, वडील एकटे पडले आणि दोघं कोकणात निघून गेली. सासूबाईंची थोरली लेक यमुना पहिल्या बाळंतपणातच गेलेली. ती कशी गेली हे घरात कुणी बोलत नसे आणि मीही कधी विचारलं नाही. धाकटीला मात्र आपल्या घरात, आपल्या डोळ्यांसमोर बाळंत करायची, हा एकच ध्यास सासूबाईंनी घेतला होता.

वत्सलेला सातवा सरत आला होता. आठव्यात गरोदर बाईनं नदी ओलांडायची नाही, गावाची वेस ओलांडायची नाही, हे आमच्याकडे अगदी पक्कं. म्हणजे आठवा लागायच्या आत तिला घेऊन निघायला हवं. जोशीबुवांनी पंचांग पाहून कार्तिकी पौर्णिमेचा मुहूर्त दिला, गुरुवार, दुपार व्हायच्या आत. आमच्या ह्यांना शाळेतून रजा मिळेना, म्हणून मुलांना त्यांच्यावर सोपवून मी सासूबाईंबरोबर निघाले.

कोल्हापूर, आणि पुढे घाट

आगगाडीचं वर्णन करत नाही. कुर्डूवाडीला गाडी बदलली, मिरजेला बदलली, कोळशाच्या कणांनी डोळे लाल झाले, एवढं पुरे. कोल्हापूरला जावई न्यायला आले होते. त्यांनी आमचं सामान पाहिलं आणि हमाल शोधायला गेले. एक डबा शाळूच्या पिठाचा, एक कडक भाकरींचा, शेंगाचटणीचं मडकं, गूळ, तेल, मीठ आणि एक छोटा तवा. जणू आम्ही लढाईवर निघालो होतो.

या सामानामागे एक रीत होती. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. आमच्या सासूबाई या बाबतीत फार कडक. मी पडले भावजय, मला ही बंदी नव्हती, आणि याचा मी पुढे पुरेपूर फायदा घेतला.

घाटात मोटार बंद पडली. ड्रायव्हर खाली उतरून झाडाखाली विडी ओढत बसला, म्हणाला इंजिन तापलंय, निवू द्या. तिथूनच तो लांबचा समुद्र दिसला. सासूबाईंनी पाहिला आणि विचारलं, "त्याच्या पल्याड कोणतं गाव?" जावई म्हणाले, "गाव नाय, आत्याबाई. पाणीच." त्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला आणि पुढं मोटार सुरू होईतो तिकडे पाहिलं नाही.

त्रयोदशी

मोटारीचा रस्ता मोठ्या खाडीच्या बंदरावर संपतो. वत्सलेचं गाव तिथून आत, खाडीच्या एका अरुंद फाट्यावर आहे. तिथं गाडीवाट नाही. दोन्ही बाजूंना चिखलात पाय रोवून उभी असलेली कांदळाची झाडं आणि मधून जाणारा मचवा, म्हणजे शिडाची होडी. गणू तांडेल नावाचा उन्हानं काळवंडलेला माणूस तो चालवत होता. सासूबाई मधोमध मांडी घालून, पिठाचा डबा पोटाशी धरून बसल्या आणि डोळे मिटून विठ्ठलाचं नाव घेत राहिल्या.

वत्सला धक्क्यावर उभी होती. धक्का म्हणजे काळ्या दगडांचा ओटा, पाण्यात उतरणाऱ्या चार पायऱ्या आणि वर एक माड. आईला पाहून ती हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. तिचे सासरे तात्या, उंच, वाकलेले, अंगावर पंचा. त्यांनी लांबूनच हात जोडले. "विहीणबाय, घर तुमचां हाय. पण तुमची रीत मला ठावूक हाय. आमच्यात पण जुन्या बाया तसांच करायच्या. रवळनाथाच्या देवळात ओवरी झाडून ठेवलीय, विहीर पण तिथंच हाय."

लेक लांब नेल्याचा सासूबाईंचा निम्मा राग तिथंच उतरला असावा. त्या देवळात तीन दगडांची चूल मांडून बसल्या आणि मी वत्सलेच्या स्वयंपाकघरात. भात, सोलाची कढी, नारळ घालून केलेलं बोंबलाचं कालवण. भाकरीसुद्धा तांदळाची, पांढरीशुभ्र, इतकी मऊ की आमच्या कडक भाकरीनं तिच्याकडे पाहून लाजावं. जेवताना वत्सला सारखी दाराकडे बघत होती. देऊळ तिथून दिसत होतं आणि ओवरीतला धूरही दिसत होता.

संध्याकाळी तात्या अंगणात बसून म्हणाले, "परवा उधाण हाय. मचवा अगदी धक्क्याला लागंल, सुनेला चिखलात पाय पण घालायला नको. उधाण सरलां का भांग. मग ह्या फाट्यात पाणी वर चढत नाय, मचवा लांब तोंडाशीच उभा ऱ्हातो."

उधाण हा शब्द ऐकून मला नवल वाटलं. हा तर आमचा शब्द. पोरं दंगा करायला लागली की आम्ही म्हणतो उधाण आलंय यांना. गड्ड्याच्या जत्रेत गर्दीला उधाण येतं, लग्नघरात विहिणींच्या बोलण्याला येतं. समुद्रापासून इतक्या लांब राहून आम्ही हा शब्द रोज वापरतो आणि त्याचं घर कुठं आहे हे कधी कुणाला विचारलं नाही. भरती म्हटलं की सोलापुरात गिरणीच्या फाटकावरची माणसं आठवतात. ओहोटी लागते ती दुकानाला किंवा डोक्यावरच्या केसांना. आणि भांग मला केसांतला ठाऊक, नाहीतर शिमग्यातली.

इथं हे शब्द भांड्याकुंड्यांसारखे रोजच्या वापरातले. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खाली उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला धड चढत नाही, धड उतरत नाही, तो भांग. कौलं येतात ती उधाणाला, मीठ येतं ते उधाणाला, नवरी येते तीही उधाणाला. पाहुणा निघताना म्हणतो, "येतो पुढच्या उधाणाला," आणि सगळ्यांना दिवस कळतो. शेजारच्या एका सुनेनं मला सांगितलं, "आमच्या सासूचा आज भांग हाय." म्हणजे बाई आज रागावलेली नाही आणि हसतही नाही. हा प्रयोग मी सोलापूरला आणला आहे आणि घरात चोरून वापरते.

पौर्णिमा

आता तो दिवस. सकाळपासून घरात निघायची गडबड. वत्सलेची ओटी भरली, तात्यांनी देवापुढे नारळ ठेवला, जावयांनी गाठोडी धक्क्यावर नेली. मुहूर्त दुपारच्या आत होता आणि भरतीही नेमकी त्याच सुमाराला. तात्या खूश होते. "जोशी हुशार हाय तुमचा," ते मला म्हणाले.

आम्ही धक्क्यावर आलो. परवा मचव्यातून मी ज्या पायरीवर उतरले होते, ती दिसतच नव्हती. पाणी धक्क्याच्या वरच्या दगडाला लागलं होतं. कांदळाची झाडं गळ्यापर्यंत बुडालेली, पलीकडच्या शेताच्या बांधाला पाणी टेकलेलं, सगळीकडे तुडुंब. मचवा धक्क्याच्या बरोबरीला आला होता, पाय उचलून आत टाकला की झालं. गणू तांडेल दोर धरून उभा होता.

सासूबाई थांबल्या. वत्सलेचा दंड त्यांनी इतका घट्ट धरला की तिच्या बांगड्या वाजल्या.

"पानी उतरू द्या," त्या म्हणाल्या.

तांडेल हसला. त्याला वाटलं थट्टा आहे. "आजी, आत्ताच निगायला हवा. भरलाय ते बेस हाय."

"म्या सांगते, पानी उतरू द्या. एवढ्या पुरात पोटुशी पोर बसवायची न्हाय. उतार पडला की जाऊ."

आमच्याकडे सीना काय, भीमा काय, पाणी भरलं की माणूस काठावर बसतो. उतार पडायची वाट बघतो. दिवस लागो, दोन दिवस लागोत. भरल्या नदीत पाय घालतो तो आडमुठा. सासूबाईंनी जन्मभर जे शहाणपण जपलं तेच त्या बोलत होत्या. त्यांना समजावायला मी पुढे झाले, तेव्हा त्या माझ्याकडे न बघता, हळू आवाजात बोलल्या.

"यमुनेला आणायला गाडी धाडली हुती. सीनेला पानी हुतं. गडी म्हनाला, व्हय जाईल गाडी, काय हुतंय. मधी चाक गेलं खड्ड्यात आन गाडी कलंडली. लोकांनी काढलं तिला भाईर. पर पोटातलं गेलं आन मंग ती बी गेली. म्या हिकडल्या काठावर उभी हुते, सुशे. समदं बघत हुते."

इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकलं. वत्सलेनंही. ती त्या वेळी पाळण्यात असणार.

मी बाजूला जाऊन तात्यांना एवढंच सांगितलं. त्यांनी मान हलवली, तांडेलाजवळ गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाले. तांडेलानं दोर पुन्हा खुंटाला बांधला. एकही माणूस त्रासून बोलला नाही, एकानंही नाक मुरडलं नाही. मला या लोकांचं तेव्हापासून फार कौतुक वाटतं.

मग आम्ही माडाखाली बसून उताराची वाट पाहिली. पाणी उतरलं, अगदी सासूबाईंच्या मनासारखं उतरलं. पहिली पायरी दिसली तेव्हा त्या म्हणाल्या, अजून जरा. चौथी दिसली तेव्हा उठल्या. तोवर मचवा एका कुशीवर कलला होता आणि त्याच्या खाली चिखल दिसत होता. थोड्या वेळानं खाडी म्हणून काही उरलंच नाही. काळा चिखल, त्यात पळणारे खेकडे आणि मधोमध पाण्याची एक ओघळ.

सासूबाई धक्क्याच्या कडेशी जाऊन वाकल्या. "ह्ये तर पार आटलं की," त्या म्हणाल्या. "आता गं?"

"आता राती परत भरंल, विहीणबाय," तात्या म्हणाले. "आनि उद्या दुपारी. रोजचांच हाय."

शुक्रवार, शनिवार, रविवार

दुसऱ्या दिवशी पाणी तितकंच चढलं, किंबहुना वीतभर जास्तच. पण तो शुक्रवार. तात्यांचा चेहरा पडला. शुक्रवारी घरची लक्ष्मी घराबाहेर पाठवायची नाही, ही त्यांची रीत. त्यांनी आमची रीत पाळली होती, आम्ही त्यांची कशी मोडणार. शनिवारी तात्या तयार होते, तर शनिवारी लेक आणायची नाही ही आमची रीत. रविवारी सकाळी सासूबाई स्वतः ओवरीतून चालत आल्या, म्हणाल्या, "चला. म्या डोळं मिटून बसते. पर जाऊ." तेव्हा कळलं की गणू तांडेल पहाटेच्या पाण्याला भाताची पोती घेऊन मोठ्या बंदराला गेला आणि चार दिवस येत नाही. आमची पौर्णिमा टळली तेव्हाच त्यानं ते भाडं घेतलं होतं. दुसरा मचवा गावात नव्हता.

म्हणजे देवानं दिलेलं उधाण आम्ही दोन्ही घरांनी मिळून, अगदी रीतसर, वाया घालवलं. मला हसू येत होतं आणि वत्सलेचं तोंड पाहून ते गिळावंही लागत होतं. त्या रात्री ती मला म्हणाली, "वैनी, मला कुठंही बाळंत करा. पण आई जवळ असू दे." पौर्णिमेला यमुनेचं ऐकल्यापासून तिची झोप गेली होती हे मला दिसत होतं.

संकष्टी

सोमवारी सासूबाईंची चतुर्थी. चंद्र पाहिल्याशिवाय त्या उपास सोडत नाहीत. त्या, वत्सला आणि मी धक्क्यावर जाऊन बसलो, कारण तिथून पूर्वेचा डोंगर उघडा दिसतो. खाली सगळा चिखल होता, ओहोटी पुरी झाली होती. डोंगरामागून चंद्र वर आला, सासूबाईंनी हात जोडले, आणि वत्सला म्हणाली, "आई, खाली बघ." मधली ती पाण्याची ओघळ थांबली होती. मग तिच्यावरची वाळलेली पानं उलटी, गावाकडे, सरकायला लागली.

"ह्ये काय गं?"

"भरती लागली. चंद्र उगवला की लागते. रोज."

सासूबाई त्या पानांकडे बघत बसल्या. त्यांना पंचांग वाचता येत नाही, पण तिथी अंगात भिनलेल्या. चंद्र रोज दोन घटका मागं सरतो हे संकष्ट्या करून करून त्यांना पाठ. आता पाणीही तसंच सरतं हे त्यांनी एका बैठकीत ताडलं. बोटांवर मोजायला लागल्या. पंचमीला अमुक वेळेला, षष्ठीला तमुक. दुसऱ्या दिवशी त्यांनी तात्यांना सांगितलं की आज पाणी कालच्याहून उशिरा भरणार आणि कमी चढणार. तसंच झालं.

"ह्यो तर तिथी पाळतोय की," त्या मला म्हणाल्या. "आमची सीना कवा येईल आन कवा घेऊन जाईल, कुनाला काय ठाव. ह्यो इमानी हाय."

पुढच्या दोन-तीन दिवसांत बायका पाण्याला येताना त्यांनाच विचारू लागल्या, "आजी, आज भरती कवा?" बायकांना सगळं ठाऊक होतं, पण सासूबाई किती गंभीरपणे सांगतात ते ऐकायची गंमत. सासूबाईंनाही ती गंमत कळत होती, पण त्या सांगायच्या सोडत नव्हत्या.

अष्टमी

भांग लागला. पाणी येई आणि तिसऱ्या पायरीशी घुटमळून परत जाई. गणू तांडेल आला, पण मचवा तोंडाशी, मैलभर लांब. तिथवर जायचं तर शेवाळलेल्या बांधावरून, पुढे गुडघाभर चिखलातून. वत्सलेला नेणं शक्यच नव्हतं. आणि त्याच दिवशी तिला आठवा लागला.

ती देवळात आली. मी तिथंच होते. सासूबाई तव्यावर भाकरी टाकत होत्या आणि पिठाचा डबा तळ दाखवत होता.

"आई, तू आणि वैनी जा आता," वत्सला म्हणाली. "माझं मी बघीन. गावात सुईण आहे, तात्या आहेत. सगळ्या बायका होतातच की."

सासूबाईंनी भाकरी उलटली.

"नवव्यात न्यायला यीन."

"नवव्यात घाटाची मोटार?"

मोटारीतले धक्के सासूबाईंनी स्वतः खाल्ले होते. वत्सलेचा बांध फुटला. "तू इथं तीन दगडांवर रांधतेस आणि मी तिथं पाटावर बसून जेवते. माझ्या घशाखाली घास उतरत नाही, आई. आलीस त्या दिवसापासून उतरत नाही. माझ्या घराला काय झालंय?"

"तुज्या घराला काय बी न्हाय झालं," सासूबाई म्हणाल्या. "रीत हाय."

वत्सला डोळे पुसत गेली. भाकरी करपली. ती उतरवून सासूबाई म्हणाल्या, "सुशे, तू जा सोलापूरला. पोरं खोळंबली असत्याल. म्या ऱ्हाते हितं, ती बाळंत हुईस्तवर."

"आणि खाणार काय, आत्याबाई? दोन महिने?"

त्यांनी करपलेली भाकरी मोडून खायला घेतली. तात्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी एक पळवाट काढली. शेजारच्या घरून शिधा आणतो, तो वत्सलेच्या घरचा नाही, रीत मोडत नाही. पळवाट चांगली होती. दशमीला पीठ संपलं तेव्हा त्या शिध्याचा भात ओवरीत शिजला आणि सासूबाईंनी तो खाल्ला. पण गिळताना त्या धक्क्याकडे बघत होत्या, आणि मला वाटतं त्यांचं मन त्या भातात नव्हतं.

द्वादशी

पुढचं आधीच सांगून टाकते. माघात वत्सलेला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत आणि सासूबाई अजून तिकडेच आहेत. पण मला सांगायचं आहे ते मी निघाले त्या सकाळचं.

आदल्या दिवशी सासूबाईंची एकादशी. उपास द्वादशीला सकाळी सोडायचा आणि सोडायचा तो अन्नानं. अमावास्या जवळ येत होती, पाणी पुन्हा वर सरकायला लागलं होतं आणि गणू तांडेल म्हणाला होता की एक-दोन माणसं न्यायची असतील तर तो धक्क्यापर्यंत येईल. भरती कधी हे त्यानं सांगायच्या आत सासूबाईंनीच मला सांगून ठेवलं होतं, न्याहारीच्या वेळेला.

मी गाठोडं बांधून माजघरात उभी होते. वत्सला चुलीपाशी, माझ्यासाठी भात वाढत होती. जावई मला कोल्हापूरपर्यंत पोचवायला तयार होऊन धक्क्यावर गेले होते. आणि सासूबाई दारात आल्या. अंघोळ झालेली, ओल्या केसांची गाठ मारलेली, हातात काहीच नाही. इतक्या दिवसांत त्यांनी त्या घराच्या ओटीवर पाय ठेवला होता, उंबरा ओलांडला नव्हता. त्या आत आल्या आणि भिंतीशी पाट होता तो स्वतःच ओढून बसल्या.

"आई?" वत्सला म्हणाली.

"रातभर इचार क्येला," सासूबाई म्हणाल्या. "उद्या तुला कळा लागल्या की म्या हितं यिऊन बसणार. तुजं डोकं मांडीवर घेणार. लेकरू हातात घेणार. आन तुज्या घरचं पानी पिणार न्हाय, ह्ये कसं? मंग म्या तुजी आई का गावातली सुईण?" मग म्हणाल्या, "यमुनेच्या घरचं बी कवा पानी प्याले न्हाय. ऱ्हाऊनच गेलं ते."

तात्या ओटीवर होते. त्यांना ऐकू गेलं असणार, कारण ते उठून परसात निघून गेले.

वत्सलेनं तांब्या पुढे केला. सासूबाईंनी तिच्या हातासकट तांब्या धरला आणि सगळा प्यायल्या, दम न घेता, आमच्याकडे उन्हातून आलेलं माणूस पितं तशा. मग त्यांनी पाटासमोरची जागा हातानं पुसली.

"वाढ की गं. पारनं सोडायचं हाय, किती येळ बसवतीस."

वत्सलेनं माझ्यासाठी वाढलेलं ताट उचलून आईपुढे ठेवलं. भातावर तूप घातलं, आमटी घातली, पुन्हा तूप घातलं. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, मीठ जरा कमी पडलंय. वत्सला रडत रडत मीठ आणायला उठली. मी तिचा खांदा दाबला, सासूबाईंच्या पायांना हात लावला आणि गाठोडं उचललं. त्यांनी तोंडातला घास न गिळताच डाव्या हातानं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

गणू तांडेलानं खालून हाक मारली तेव्हा त्या दुसऱ्यांदा भात मागत होत्या, त्यामुळे मला पोचवायला धक्क्यावर दोघींतली एकही आली नाही.